मागचं डावं चाक

आमच्या जुन्या पिकअपचं ॲव्हरेज चौदावरून दहावर घसरलं, तेव्हा मी दोष वडिलांच्या डाव्या पायावर टाकला. खात्री करून घेतली नाही. पाहिलंसुद्धा नाही.

वडिलांचं सगळं आयुष्य समुद्रावर गेलं. गुडघे होडीत चढू देईनात तेव्हा मी ही गाडी घेतली, दोन मालकांकडे राबून आलेली. मी बोईसरला कारखान्यात पाळीवर, त्यामुळे गाडी तेच चालवायचे. एडवणच्या किनाऱ्यावरून मासळीचे आणि बर्फाचे क्रेट भरायचे आणि पालघरच्या बाजारात नेऊन उतरवायचे, कधी पुढे मनोरपर्यंत. वय सत्तरीला आलेलं, पण खिडकीत कोपर टेकवून गावातून निघाले की होडीवर सुकाणू धरायचे तशीच मान ताठ.

त्यांची एक सवय होती. गाडी थांबवून उतरले की चारही चाकांना हाताची मागची बाजू लावून बघायचे. होडीचं इंजिनही ते असंच चाचपायचे. मी हसायचो. "बाबा, ताप बघतोस काय तिचा?" आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात.

"हसू नको," ते म्हणायचे. "मागचं डावं तापते. कुठंतरी अडते रे गाडी."

मी ऐकलं नाही. मला मोबाइलवरचे व्हिडिओ जास्त खरे वाटायचे. एअर फिल्टर बदलला, टायरमध्ये हवा मोजून भरली, टपावरचा लोखंडी कॅरियर उतरवून ठेवला. फरक पडेना. मग एका व्हिडिओत कोणी सांगितलं की ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून बसला की डिझेल जळतं. मला वाटलं, सापडला चोर.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी किनाऱ्यावर गेलो. वडील क्रेट चढवत होते, आजूबाजूला मासळीवाल्या बाया. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "बाबा, ही होडी नाय पाय पसरून बसायला. क्लचवरचा पाय उचलत जा. तुझ्या पायानं गाडी खाल्ली."

बाया हसल्या. एक म्हणाली, "म्हातारा अजून वल्हवतेच हाय!" हशा वाढला आणि मला चेव आला. म्हणालो, "चावी दे. उद्यापासनं मी बघतो."

वडिलांनी खिशातून चावी काढली. "असंल," ते म्हणाले. "पाय जड झालाय माझा. कळत नसंल मला."

एवढंच. त्या दिवशी ते माझ्या शेजारी बसून आले आणि घरी पोचल्यावर चाकांना हात न लावताच आत गेले.

मी दुसरी पाळी मागून घेतली आणि सकाळची फेरी स्वतः मारू लागलो. डावा पाय मी क्लचपासून वीतभर लांब ठेवायचो. ॲव्हरेज दहाच राहिलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं तर कळलंही होतं. पण वडील ओट्यावर जाळं शिवत विचारायचे, "किती देते आता?" आणि मी म्हणायचो, "सुधारलीय थोडी."

दोन महिन्यांनी बोईसरच्या मेस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी जॅकवर घेऊन एकेक चाक हाताने फिरवलं. तीन चाकं फिरली. मागचं डावं अर्धा फेरा जाऊन थांबलं. मी त्याच्या ब्रेकच्या ड्रमला हात लावला आणि झटकन मागे घेतला, एवढा तो तापला होता.

"सेठ, ब्रेक पकड़ के बैठा है," तो म्हणाला. "इतने दिन हैंडब्रेक लगाके गाड़ी चलाई, ऐसा समझो."

हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती. मेस्त्रीने वर बोट दाखवलं. मासळी ठेवायच्या हौद्याच्या तळाला तिथे एक भोक होतं. "ये छेद किसने किया?"

मीच केलं होतं, आदल्या वर्षी. वितळलेल्या बर्फाचं पाणी साचू नये म्हणून. मासळीचं ते खारट पाणी वर्षभर थेंब थेंब त्या केबलवर पडत होतं.

केबल आणि ब्रेकचं लायनर बदलून गाडी पुन्हा तेराच्या वर गेली. घरी आलो तर वडील ओट्यावरच होते.

"काय निघालं?"

सांगायला दोन शब्द पुरले असते. मी म्हणालो, "क्लच प्लेट गेलेली."

"म्हंजे माझाच पाय."

मी नळावर हात धुतले आणि जेवायला बसलो. जेवलोही, पोटभर.

मग दसरा आला. आमच्याकडे गाडीची पूजा वडील करतात. त्यांनी गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, स्टिअरिंगला हळद-कुंकू लावलं. मग दार उघडून ते कष्टाने वाकले आणि कुंकवाचं एक बोट खाली क्लचच्या पेडलला लावलं. माझी बायको हसली. "बाबा, तिथं कोण कुंकू लावते?"

"माझ्या पायानं तरास झाला ना तिला," ते म्हणाले आणि पाय लागल्यावर करतात तसा त्या पेडलला नमस्कार केला.

मला ते बघवेना. नारळ हातात धरूनच मी सगळं सांगून टाकलं. ड्रम, केबल, मी पाडलेलं भोक, माझं खोटं.

वडिलांनी माळ नीट केली. मग विचारलं, "मागचं डावं?"

"हो."

"सांगितलेलं मी."

"हो, बाबा."

मी चावी पुढे केली. त्यांनी घेतली नाही. "किनाऱ्यावर बोललास ना? मंग किनाऱ्यावर सांग."

दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याच बायांसमोर, तिथेच उभं राहून. मागे वल्हवण्यावरून बोललेली बाई टोपली खाली ठेवत म्हणाली, "बापाचा पाय बरा होता म्हण की! डोकं तुझं जाम झालेलं." या वेळी मी हसलो नाही. वडीलही हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि मी चावी दिली.

पालघरला मासळी उतरवून परतताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं. गिअर पडला की ते तो पाय पटकन मागे, पार सीटखाली ओढून घ्यायचे, चटका बसल्यासारखा. कोपर खिडकीत नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले.

गाव येईपर्यंत त्यांनी मला तीनदा विचारलं, "आता नाय ना लागला पाय?"

"नाय बाबा," मी तीनदा म्हणालो. ते अजूनही विचारतात.