आधीपासून असंच आहे, ताई

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. माझ्या आतेबहिणीची नोकरी माझ्या चुकीने गेली, आणि ती तिच्या चुकीने गेली असं मी तिला पटवून दिलं. ताईला दिसत नाही. त्या दिवशी खोटं कोण बोललं हे फक्त मला माहीत आहे.

मी देवासला राहतो. दुकानं, गोदामं, लहान कारखाने यांच्या वेबसाइट बनवतो. माझा सगळा धंदा हिंदीत चालतो. मराठी घरात, आणि ताईशी. ती धारला असते. तिशीनंतर तिची नजर कडांकडून आत मिटत गेली आणि मुलगा शाळेत होता तेव्हाच पूर्ण गेली. नवरा आधीच वारला होता. औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे ती फोनवर बसू लागली. पार कुक्षीपर्यंतचे मेडिकलवाले तिला फोन करून माल लिहवायचे. ती नावं, डोस, खोकी सगळं डोक्यात ठेवून शेजारच्या मुनीमजींना सांगायची, ते लिहून घ्यायचे. माणूस 'हॅलो' म्हणाला की तिला दुकान कळायचं.

"क्यों भिया, गला बैठ गया? एक कफ सिरप आपके नाम का भी लिख दूँ?" हे तिचं नेहमीचं. समोरचा हसायचा आणि खरंच एक बाटली वाढवायचा.

मुनीमजी निवृत्त झाले तेव्हा मालकांनी ऑर्डरचं काम वेबसाइटवर न्यायचं ठरवलं. माझं नाव ताईनेच सुचवलं. पहिल्या भेटीत मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पर भिया, बाई साब का क्या होगा? अपने को उनको निकालना नहीं है."

मी म्हणालो, "बाई साब ही चलाएँगी. अपनी साइट जिनको दिखता नहीं उनके लिए भी है."

ताई फोन चांगला वापरायची. तिच्या फोनमध्ये वाचणारा आवाज होता. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते तो बोलायचा. पण तो चित्रं ओळखत नाही. बटणावर नुसती खूण असेल तर बनवणाऱ्याने आत, कोडमध्ये, त्या बटणाला नाव द्यावं लागतं. ते नाव डोळ्यांना दिसत नाही, आवाज मात्र तेच बोलतो. मालकांना साइट सुटसुटीत हवी होती, म्हणून ऑर्डरच्या पानावर मी दोनच खुणा ठेवल्या. पक्की करायला हिरवी, रद्द करायला लाल. साइट तपासायचं एक साधन असतं, ते नाव नसलेल्या बटणापुढे लाल शेरा मारतं. मला तो शेरा हिरवा झालेला हवा होता. मी एका झटक्यात दोन्ही बटणांना 'ऑर्डर' असं नाव देऊन टाकलं. तपासणी हिरवी झाली. नाव आहे की नाही एवढंच ते साधन बघतं. नाव बरोबर आहे का, हे त्याला कुठून कळणार? डोळे मिटून एकदा तरी ते पान चालवून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही.

ताईने पहिल्याच आठवड्यात फोन केला.

"काय रे इंजिनियर, दोन्ही बटणांना एकच म्हणतो हा. ऑर्डर आणि ऑर्डर."

"करतो, ताई. पुढच्या वेळी साइट उघडली की करतो."

"कर तेव्हा कर. माझं अडत नाही. पहिलं पक्कं, दुसरं रद्द, मी क्रम पाठ केलाय. पण माझ्या जागी दुसरं कुणी आलं तर फसेल ना बिचारं."

ती हसत होती. मीही हसलो. आणि विसरलो.

काही महिने तिने फोनवर आलेल्या ऑर्डरी साइटवर बिनचूक भरल्या. मग मालक म्हणाले, हिरवी खूण उजवीकडे घ्या, अंगठ्याला सोपी पडते. पाच मिनिटांचं काम. देवासला बसल्याबसल्या मी दोन बटणांची अदलाबदल केली. डोळसांना फरकच पडला नाही, ते रंग बघून दाबत होते. ताईला सांगायचं माझ्या मनात आलंच नाही. बटण दाबलं की खाली 'ऑर्डर पक्का' किंवा 'ऑर्डर रद्द' अशी एक पट्टी यायची आणि जायची. ती पट्टी आवाजाने वाचावी, अशी सोय मी केलेली नव्हती.

त्या आठवड्यात ताईने घेतलेल्या ऑर्डरी एकामागून एक रद्द होत गेल्या. ती पाठ केलेल्या क्रमाने पहिलं बटण दाबत होती. कुक्षीच्या एका दुकानात इन्सुलिन संपलं. दुकानदाराने ताईला फोनवर वाट्टेल ते सुनावलं. ज्याला ती कफ सिरपवरून चिडवायची, तोच हा.

आधी तिचा मला फोन आला. आवाज बसलेला होता.

"तू काही बदललंस का रे?"

"नाही," मी म्हणालो.

का म्हणालो? मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं. मालक मला त्यांच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांकडे नेणार होते, हे खरं आहे. पण त्या क्षणी मला ते आठवलंही नव्हतं. लाज वाटली, इतकंच. 'नाही' तोंडातून गेलं, आणि मग त्याला सांभाळत बसलो.

मालकांचाही फोन आला. माणूस न्यायाचा. म्हणाले, बाई साब इतक्या वर्षांत चुकलेल्या नाहीत, साइट एकदा सगळ्यांसमोर तपासा. दुसऱ्या दिवशी धारला निघण्याआधी मी लॅपटॉप उघडला आणि दोन्ही बटणांची नावं दुरुस्त केली. मग गाडी काढली.

गोदामात खोक्यांच्या मधल्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. मालक, हिशेब बघणारा माणूस, ताई. मी तिचा फोन तिच्याच हातात दिला आणि म्हणालो, फिरव बोट.

"ऑर्डर रद्द करें," आवाज म्हणाला. बोट सरकलं. "ऑर्डर पक्का करें."

ताईने पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. ती फोन कानाजवळ नेऊन ऐकत राहिली.

"हे असं म्हणत नव्हतं," ती म्हणाली.

"आधीपासून असंच आहे, ताई."

"मी तुला फोन केला होता ना? दोन्हीला एकच म्हणतो म्हणून?"

"ते तू दुसऱ्या पानाचं बोलत होतीस."

ती भांडली नाही. भांडली असती तर मी कदाचित मोडलो असतो. लहानपणी ती माझ्याशी कशावरूनही भांडायची, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं असायचं. त्या दिवशी तिने फक्त माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाली, "असेल. मलाच चुकीचं ऐकू आलं असेल."

मालक हळूच म्हणाले, "हो जाता है, बाई साब. उमर है." त्यांनी तिला महिनाअखेरपर्यंत ये म्हटलं. ती दुसऱ्या दिवसापासूनच गेली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण ताईला कानांची भीती बसली. डोळे गेल्यापासून तिचं सगळं कानांवर. मुलाची पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्ट होती, म्हणून इंदूरला कानाच्या डॉक्टरांकडे मीच तिला नेलं. काचेच्या खोलीत तिला बसवून कानांवर हेडफोन लावले. आवाज आला की बोट वर करायचं. मी काचेबाहेर उभा होतो. मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तिचं बोट वर जात होतं. खाली येत होतं, पुन्हा जात होतं. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ती ताठ बसली होती.

डॉक्टर म्हणाले, "कान एकदम बढ़िया हैं. मेरे से अच्छे."

मला वाटलं, सुटलो. आता तरी तिला कळेल.

 परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "कान चांगले आहेत, तर मग डोकंच गेलं म्हणायचं."

गाडी मी चालवत होतो. शेजारी कुणी नव्हतं, ती आणि मीच. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "असं काही नसतं ताई, थकवा असतो."

आता ती घरीच असते. पूर्वी कुकरच्या शिट्ट्या मोजून ती भात उतरवायची. आता शिट्टी झाली तरी सुनेला हाक मारून विचारते, झाली ना गं? दाराची कडी वाजली तरी उठत नाही. आधी विचारते, वाजली का? वाचणारा आवाज तिने फोनमधून बंद करून घेतला. मुलाचा फोन आला की सून तिच्या कानाला लावते. सून वाईट नाही, पण कंटाळते. परवा मी बसलेलो असतानाच म्हणाली, "आई, दहादा तेच काय विचारता?" ताई ओशाळून हसली. ती इतकं पडतं घेईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि माझं म्हणाल, तर माझं बरं चाललंय. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, हात चालत नाहीत, त्यांना वापरता याव्यात अशा साइट बनवायचं काम आता मी मुख्यतः करतो. मन लावून करतो, डोळे मिटून तपासतो. पुष्कळ चुका दुरुस्त केल्या. व्यापाऱ्यांच्या बैठकांत मला बोलायला बोलावतात. तिथे मी एका बाईची गोष्ट सांगतो, जिने बटणांचा क्रम पाठ करून काम चालवलं, आणि ज्या दिवशी क्रम बदलला त्या दिवशी ती फसली. लोक चुकचुकतात. मागे एकाने विचारलं, "साइट बनाई किसने थी?" मी म्हणालो, "थी कोई पार्टी."

हे काम करून फेड होते असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. होत नाही. माझ्या चांगल्या साइट वापरणारी माणसं वेगळी, आणि ताई वेगळी.

तिच्या घरी जाऊन, मुला-सुनेसमोर आणि त्या मालकांना सोबत नेऊन, मला तिला सांगायचं आहे की बटणं मी बदलली, नावं मी चुकीची दिली होती, गोदामात येण्याआधी ती मीच दुरुस्त केली, आणि तिने जे ऐकलं ते बरोबर होतं. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.