आकलनाची पायरी

प्रभाकरराव खादीचा झब्बा कडक इस्त्री करून घालत आणि गाव जवळ आलं की जीपमध्ये बसल्याबसल्या तो दोन्ही मुठींनी चुरगाळत. मग पायातले बूट सीटखाली सारून झिजलेल्या चपला चढवत. हा विधी मी प्रथम पाहिला तेव्हा मला वाटलं, गृहस्थांना फिट येतेय. नंतर कळलं, ही वंचितांमध्ये मिसळण्याची तयारी.

तेलंगणातल्या आदिलाबादेत ते नागरी हक्कांचं केंद्र चालवत. हैदराबादेकडची कायद्याची मुलं त्यांच्याकडे इंटर्नशिपला येत. मुलांना मराठी येत नसे, म्हणून निवृत्त मास्तर या नात्यानं दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. ‘आधी आकलन, मग कृती’ हे प्रभाकररावांचं ब्रीद. ते त्यांनी केंद्राच्या भिंतीवर मराठी आणि तेलुगूत रंगवून घेतलं होतं. मराठीतली ‘कृती’ अंमळ बारीक आली होती. रंगाऱ्याला जागा पुरली नसावी.

आकलनासाठी त्यांनी गुडीहत्नूरच्या पलीकडचं एक गाव धरलं होतं. तिथल्या दलित वस्तीतून मसणवटीकडे जाणारी सरकारी वाट एका वजनदार शेतकऱ्यानं बाभळीचे काटे लावून आपल्या कापसात घेतली होती. वस्तीला आपली माणसं नाल्यातून न्यावी लागत. किसनबाबा नावाचे म्हातारे प्रत्येक नव्या बॅचला ते सांगत.

“माह्या भावाले नेलं तवा नाल्याले पानी होतं. पोराईचे पाय घसरले. तिरडी आडवी झाली सायेब.”

मुलं लिहून घेत. प्रभाकरराव डोळे मिटून ऐकत आणि शेवटी म्हणत, “छान. पण बाबा, आज ‘अपमान’ शब्द राहिला. पुन्हा एकदा सांगा.”

बाबा पुन्हा सांगत. भाऊ पुन्हा आडवा होई, या वेळी अपमानासकट. निघताना ते हात जोडून विचारत, “आमच्या दरखास्तीचं काय झालं? माह्या टायमाले तरी वाट मोकळी होऊ द्या.” केंद्रानं तक्रारीवर त्यांचा अंगठा घेतला होता, त्याची ही चौकशी.

“प्रक्रियेत आहे,” प्रभाकरराव सांगत. हा शब्द ते इतक्या मायेनं उच्चारत की बाबांना ते उत्तर वाटे.

पुढे त्यांना ‘सहवेदना सत्र’ सुचलं. बांबूची तिरडी बांधायची, रिकामीच, आणि इंटर्न मुलांनी ती खांद्यावरून वस्तीतून नाल्यापर्यंत न्यायची. मुलं निघाली. त्यातली दोन हसत होती. किसनबाबांची बायको दारातून ओरडली, “जित्या मानसाच्या दारातून रिकामी तिरडी काऊन नेऊन राह्यले? कोनाले न्याले आले बाप्पा?”

मी ते प्रभाकररावांच्या कानावर घातलं. “अंधश्रद्धा हा पुढच्या सत्राचा विषय आहे,” ते म्हणाले.

किसनबाबा श्रावणात गेले. बॅच केंद्रातच होती. निरोप येताच प्रभाकररावांनी जीप काढायला लावली. आम्ही पोचलो तेव्हा नाला दोन्ही काठ भरून वाहत होता आणि तिरडी उचलून माणसं काठावर नुसती उभी होती. प्रभाकररावांनी मुलांना जवळ बोलावलं. भाषा इंग्रजी, आवाज अगदी दुखवट्याचा. “वाईट झालं. पण असं प्रत्यक्ष पाहायला मिळणं दुर्मीळ. मोबाइल आडवे धरा.”

मी आजवर पुष्कळ सभा-समारंभ पचवले आहेत. त्या दिवशीचा मात्र पचला नाही.

बाबांचा मुलगा मारोती खांदा बदलून पुढे आला. “सायेब, बाबाची दरखास्त कुठलोक आली?”

“प्रक्रियेत आहे.”

अनुषा नावाच्या इंटर्ननं मोबाइल खिशात घातला होता. तिनं हिंदीत विचारलं, “सर, कंप्लेंट का नंबर बताइए. मैं अभी तहसील में फोन करती हूँ.”

प्रभाकरराव तिला बाजूला घेऊन इंग्रजीत बराच वेळ बोलले. मारोतीनं मला विचारलं, “मास्तर, काय म्हनून राह्यले हे?”

मी शब्दशः सांगितलं. “ते म्हणतायत, तक्रार ही शेवटची पायरी असते. आपण अजून आकलनाच्या पायरीवर आहोत.”

“म्हंजे?”

“म्हणजे दरखास्त दिलीच नाही.”

मारोतीनं इतरांना खूण केली. ते मागे वळले, काट्यांच्या कुंपणापाशी आले आणि तिरडी खाली ठेवली. “आता इथून हालत नाही,” तो म्हणाला. बायका तिरडीभोवती बसल्या. अनुषानं वहीचं पान फाडून तिथंच अर्ज लिहिला, मारोतीची सही घेतली आणि एकाच्या मोटारसायकलवर मागे बसली.

“घाईनं केस बिघडते,” प्रभाकरराव इंग्रजीत ओरडले. “सर्टिफिकेट मिळणार नाही तुला!”

मोटारसायकल तहसीलच्या दिशेनं सुटली.

दुपारी अनुषाबरोबर तहसीलदार आले. जवळ नकाशा होता. वाट नकाशात होती, सरकारी होती आणि सगळ्यांना माहीत होती. शेतकऱ्यानं थोडी आदळआपट केली. तहसीलदारांनी नकाशावर बोट ठेवलं, तशी त्याच्याच गड्यांनी काटे ओढले. तहसीलदार मारोतीला म्हणाले, “पहले क्यों नहीं बताया?” मारोतीनं प्रभाकररावांकडे पाहिलं. प्रभाकररावांनी पुढे होऊन तहसीलदारांना आपलं कार्ड दिलं.

किसनबाबा त्यांच्या वाटेनं गेले. मी कापसाच्या कडेला, टोपी हातात घेऊन, शेवटपर्यंत चालत गेलो. अनुषा मारोतीच्या आईचा हात धरून वस्तीत थांबली ती परत केंद्रात आलीच नाही.

जीपमध्ये प्रभाकरराव खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचा चेहरा पडला होता. काही झालं तरी माणूस गेला आहे, यांनाही लागलं असेल, असं मला वाटलं. मग त्यांनी सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे वळले.

“हे गाव गेलं हातचं. इचोड्याच्या बाजूला एखादं बघा ना, मास्तर.”

मी गाडी थांबवायला सांगितली आणि फाट्यावर उतरलो.