कासूच्या फलाटावर निवडलेले अकरा

मागच्या हिवाळ्यात महाडकडच्या मंडळींनी आपल्या दोन-तीन तालुक्यांची मिळून एक टीम काढली आणि पेण आणि रोहा, दोन्हीकडे एकच निरोप धाडला. तुम्ही एकमेकांशी भांडत बसा, नाहीतर एकत्र येऊन कोलाडला आमच्याशी खेळा.

आम्हाला ते झोंबलं. भात कापून झालं की आमच्याकडे शेतात खेळपट्ट्या तयार होतात, टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, आणि फायनलला बहुतेक वेळा आम्हीच दोघं समोरासमोर असतो. पेणची पोरं रोह्याच्या पोरांना लग्नातसुद्धा ओळख देत नाहीत. तरी दोन्हीकडून होकार गेला. संघ निवडायला पेणकडून मी, आणि रोह्याकडून त्यांचा जुना कॅप्टन.

मी शाळेत गणित शिकवतो. माझं खेळणं कधीच संपलं होतं, पण अंपायर म्हणून उभा राहायचो. रोह्याचा हा कॅप्टन अष्टमीला राहतो, कंपनीत ऑपरेटर आहे, आणि सहा वर्षं तो माझ्याशी बोलत नव्हता. एका फायनलला मी त्याला विकेटमागे कॅच आउट दिलं होतं. तो बराच वेळ क्रीझवर उभा राहिला, मग बॅट काखेत मारून निघून गेला. ती फायनल आम्ही जिंकलो होतो.

त्याने पेणला यायचं नाही, मी रोह्याला जायचं नाही, म्हणून मध्ये कासूला भेटायचं ठरलं. रविवारी सकाळी तो मोटारसायकलवर आला, मी रेल्वेने आलो. फलाटावर आम्ही दोघंच होतो. बाकावर बसलो. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला, पण उघडला नाही.

"सर, आधी एक विचारतो. त्या दिवशी बॉल टप्पा पडून कीपरच्या हातात गेला होता, व्हय की नाय?"

मी सहा वर्षं या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. अंपायरचा निर्णय अखेरचा, वगैरे. पण तो भांडायला आलेला दिसत नव्हता. शिफ्ट संपवून, न झोपता आलेला माणूस होता तो.

"मला दिसलंच नाही," मी म्हणालो. "आमचा कीपर ओरडला. मी त्याच्याकडे बघितलं आणि बोट वर केलं."

"एवढं त्याच दिवशी बोलला असतात तर मी घरी जाऊन जेवलो असतो," तो म्हणाला, आणि कागद उघडला.

त्यानंतरचं काम मला वाटलं होतं त्याहून सोपं झालं. आपल्या माणसांचं कौतुक करणं अवघड जातं, पण समोरच्याच्या माणसांची भीती दोघांनाही पाठ होती. रोह्याचा डावखुरा ओपनर मला स्वप्नात दिसायचा; मी त्याचं नाव पहिलं घेतलं. त्याने आमचा फिरकीवाला मागितला. "त्याचा बॉल आमच्या एकालापण कळत नाय." तासाभरात दहा जण झाले. सहा त्यांचे, चार आमचे. राहिला कीपर.

आमचा कीपर म्हणजे आमचा कॅप्टन. माझा पंचवीस वर्षांचा मित्र. त्याचा गणपतींचा कारखाना आहे. पेणची टीम त्यानेच उभी केली, पोरांना बूट घेऊन दिले, कुणाच्या घरी आजारपण असलं की स्वतः रिक्षा करून दवाखान्यात नेलं. पण दोन वर्षांपासून त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता. खाली राहिलेले बॉल त्याच्या हातून सुटत होते. रोह्याचा कीपर चोवीस वर्षांचा, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, मांजरासारखा चपळ.

मी अकराव्या ओळीत मित्राचं नाव लिहिलं. रोह्याच्या कॅप्टनने ते वाचलं. नाही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही सांगाल तो."

तो भांडला असता तर मी नाव तसंच ठेवलं असतं. मी ते खोडलं.

मित्राला जाऊन सांगायचं काम माझं होतं. सोमवारी पेपर तपासायचे होते, मंगळवारी पाहुणे आले, बुधवारी त्याच्या कारखान्यावरून सायकल घेऊन सरळ पुढे गेलो. गुरुवारी सकाळी कुणीतरी यादी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकली.

शाळा सुटल्यावर गेलो. तो स्टुलावर बसून एका मूर्तीचा सोंडेकडचा भाग काचकागदाने घासत होता. पाय सरळ पुढे पसरलेला. त्याची बायको रंगाचे डबे लावत होती.

"यादी वाचली मी," तो मान वर न करता म्हणाला.

"तुझा गुडघा..."

"माझा गुडघा मला माहीत हाय."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चहा ठेवते." तो म्हणाला, "नको. सरांना घाई असेल." पंचवीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा सर म्हटलं. मी दारातून परत फिरलो.

दोन आठवडे तो बोलला नाही. सरावालाही आला नाही. पेणची पोरं सरावाला यायची, पण माझ्याकडे बघणं टाळायची. एकाने तोंडावर विचारलं, "सर, तुम्ही नक्की कुठले?"

मॅचच्या दिवशी कोलाडच्या मैदानावर बरीच माणसं होती. दहा षटकांचा सामना. महाडकडच्यांनी आधी बॅटिंग घेतली. आमच्या पोरांनी सुरुवात बरी केली, रोह्याच्या कीपरने दोन कठीण कॅच घेतल्या. मग पेणचा फिरकीवाला आला आणि घोटाळा झाला. त्याचा बॉल फलंदाजाला कळेना, तसा कीपरलाही कळेना. दोन बॉल त्याच्या हातांना चुकवून थेट सीमारेषेपार गेले. पुढचा बॉल फलंदाजाने उंच मारला, तो नाल्याच्या झुडपांत पडला. दुसरा बॉल आणेपर्यंत खेळ थांबला.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून माझा मित्र मैदानात उतरला. तो आलाय हेच मला ठाऊक नव्हतं. लंगडत खेळपट्टीपर्यंत गेला, रोह्याच्या कीपरच्या खांद्यावर हात ठेवला. मी स्क्वेअर लेगला पाणी घेऊन गेलो होतो, म्हणून ऐकू आलं.

"बॉलकडे नको बघू. बॉलरच्या अंगठ्याकडे बघ. अंगठा दिसला तर बॉल आत येणार, नाय दिसला तर बाहेर. आणि थोडा मागे बस, घाई करू नको."

पोराने मान हलवली. त्याच षटकात फलंदाज पुढे सरसावला, बॉल बाहेर वळला, आणि कीपरने बेल्स उडवल्या. पोराने आधी बांधाकडे बघितलं, मग अंपायरकडे.

आम्ही सहा धावांनी हरलो. रोह्याचा डावखुरा शेवटपर्यंत लढला, पण समोर कुणी टिकलं नाही. संध्याकाळी पेणच्या ग्रुपवर सुरू झालं: आपला कीपर असता तर ते आठ बाय गेले नसते, मॅच आपली होती. बरेच अंगठे, बरेच रागीट चेहरे. मग मित्राचा मेसेज आला. "मी असतो तर त्या दोन कॅच सुटल्या असत्या. आता बंद करा."

परत येताना तो माझ्या शेजारी टेम्पोत बसला होता. पाय माझ्या पिशवीवर ठेवला, न विचारता. नागोठणं मागे पडल्यावर म्हणाला,

"मला काढलंस ते बरोबर होतं रे. तुझ्या जागी मी असतो तरी मलाच काढलं असतं. पण चार दिवस कुठे होतास?"

"हिंमत झाली नाही," मी म्हणालो.

"मला ते मोबाइलवर वाचायला लागलं. तुझ्या वहिनीसमोर."

पेण आल्यावर मी त्याला हात देऊन उतरवलं आणि त्याच्या घरापर्यंत चालत गेलो.