चौकातला बोलका खांब

रस्ता ओलांडायच्या सिग्नलचं समजून मी चौकातल्या नव्या खांबावरचं लाल बटण दाबलं. आतून एका मुलीचा आवाज आला, "बोला काका, काय मदत हवी?" मी गडबडून खांबालाच नमस्कार केला.

शेजारी एक बाई कावरीबावरी होऊन येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती. तिचे विसरभोळे वडील दुपारी घरातून निघून गेले होते. आवाज ऐकून ती मला बाजूला सारून पुढे झाली. "ताई, माझे बाबा हरवलेत हो!"

"अंगात काय आहे त्यांच्या?"

"निळा सदरा. आणि पायात एक चप्पल माझी आहे."

"थांबा, गावभरच्या कॅमेऱ्यांत बघतो आम्ही सगळे," खांब म्हणाला. जागा महापालिकेची, खांब आणि कॅमेरे खाजगी कंपनीचे, वर जाहिरात कुणा सराफाची. 'भागीचं घोडं किवणानं मेलं, सगळ्यांचं ते कुणाचंच नाही,' असं हा खांब उभा राहताना मीच चारचौघांत ऐकवलं होतं. आणि आता तेच घोडं एका म्हाताऱ्यासाठी गावभर धावत होतं! एकमेकांचं तोंडही न पाहिलेली इतकी माणसं, आणि सगळ्यांचे डोळे एका निळ्या सदऱ्याच्या शोधात. देवळाचा कळस बघावा तसा मी वरच्या कॅमेऱ्याकडे बघत राहिलो.

"सापडले! तलावाकाठी बाकावर शेंगा खात बसलेत. आमचा माणूस पोचतोच आहे."

बाई रडतहसत तलावाकडे धावली. मी तिथेच उभा.

"काका," खांब म्हणाला, "तोंड मिटा आता. इथे पडद्यावर तुमची कवळी दिसतेय."