काच शाबूत आहे

काका कुणाच्याही घरी गेले की आधी खांबांना भेटत, मग माणसांना. दारात चपला काढायच्या आणि आपण "बसा" म्हणेपर्यंत दुमडलेल्या बोटाने हॉलमधल्या खांबावर टकटक सुरू. कान लावून ऐकायचं, मान हलवायची, पुढच्या खांबाकडे वळायचं. चहावर साय धरली तरी गृहस्थ बसत नसत. आमच्या नोएडातल्या सोसायटीतली मुलं त्यांना 'ठकठक अंकल' म्हणायची. गाडीच्या काचेवर टकटक करून लुटणाऱ्या चोरांना दिल्लीत ठकठक टोळी म्हणतात, हे त्यांना कळलं तेव्हा केवढे खूश झाले! "बिल्कुल बरोबर. मी पण लोकांची झोप चोरतो," म्हणाले.

काका आणि माझे वडील केंद्र सरकारच्या एकाच खात्यात इंजिनियर होते. नोकरीसाठी दिल्लीला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर दोघांनी एकाच टॉवरमध्ये फ्लॅट घेतले. वडील गेल्यावर काका माझ्याकडे यायचे आणि गॅलरीत येरझाऱ्या घालत मतं मांडायचे. "विज्ञानाला शंका आली तर ते थांबू शकतं. आम्हाला नाही थांबता येत यार, खाली माणसं राहत असतात." एकदा मी विचारलं, "काका, तुमचा कशावरच विश्वास नाही का?" ते म्हणाले, "आहे ना. माझं काहीतरी चुकणार यावर माझा ठाम विश्वास आहे. म्हणून तर हिशेबात वजन दुप्पट धरतो."

काकू म्हणजे नेमकं दुसरं टोक. सोमवार, चतुर्थी, गुरुवार. त्यांना उपासाला आठवडा पुरत नसे. काकांनी कधी आडकाठी केली नाही. फक्त देव्हाऱ्याखाली लेव्हलची नळी ठेवून सांगायचे, "अगं, तुझा गणपती अर्धा सूत कललाय." मग पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून स्वतःच सरळ करायचे. काकू म्हणायच्या, "हात लावताय तर नमस्कारही करा." तेवढा मात्र त्यांनी कधी केला नाही.

मग सोसायटीत देऊळ बांधायचं ठरलं आणि या सुखी संसारात तडा गेला. जागा निवडली तळघरातल्या पार्किंगच्या छतावरची, जिथे बाग होती. पुढाकार काकूंचा. सभेत काका उभे राहिले आणि सेक्रेटरी गुप्ताजींना म्हणाले, "भगवान का वज़न नहीं होता, गुप्ताजी. संगमरमर का होता है." देऊळ गेटजवळ, मातीवर बांधा, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण तिथे पाहुण्यांच्या गाड्या लागत. पाहुण्यांच्या गाड्या हलवण्यापेक्षा देव हलवणं सोपं होतं. काका हरले. लोक त्यांना नास्तिक म्हणू लागले आणि काकूंनी अबोला धरला. त्या दिवसांत काका माझ्याकडे फार येत, आणि गॅलरी त्यांना पुरत नसे.

देऊळ झालं. पहिल्याच पावसाळ्यानंतर मागच्या भिंतीला, प्रदक्षिणेच्या वाटेवर, केसाएवढी भेग पडली. सगळे म्हणाले, प्लॅस्टरची आहे. काकांनी बोटाएवढी काचेची पट्टी आणली आणि भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने भिंतीत बसवली. साधा हिशेब: भेग वाढली तर काच तुटणार. कुणीतरी मोबाइलवर इशारा देणारं यंत्र सुचवलं. काका म्हणाले, "लावा की. पण त्याला बॅटरी लागते. काचेला फक्त बघणारा लागतो."

तेव्हापासून हा नास्तिक रोज सकाळी देवळात. बायका कौतुकाने म्हणत, "अंकल जी भी आने लगे." काका तडकायचे, "मी काच बघायला येतो!" त्यात आणखी भर पडली. प्रदक्षिणा घालताना वाटेत काहीतरी चकाकतंय, तर बायका त्यालाही कुंकू लावू लागल्या. कुणी फूल ठेवायची, कुणी अक्षता. काका रुमालाने काच पुसत आणि ओरडत, "तडा दिसायचा कसा?" शेवटी काकूंनी अबोला सोडला तो एवढं सांगायला, "ओरडू नका हो. बाजूला भिंतीवर लावायला सांगते मी." तह झाला. घरी परतताना मी भेटले की 'कशी आहेस'च्या जागी ते म्हणत, "काच शाबूत आहे." हे म्हणतानाही नजर माझ्या मागच्या खांबावर असे.

ते गेले थंडीत. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत आटोपलं. मी खूप रडले. आणि दोन आठवड्यांनी एकदम आठवलं, आता काच कोण बघतंय? गुप्ताजींना विचारलं, तर ते म्हणाले, "भगवान देख रहे हैं, बेटा." मी एक-दोनदा जाऊन आले. मग ऑफिस, मेट्रो, मुलीची परीक्षा. राहून गेलं.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस भंडारा ठरला. देवळासमोर तंबू, मोठाल्या कढया, पाण्याचे ड्रम. पाचशे माणसं जेवणार. सकाळी मी खाली उतरले तर काकू पूजेचं ताट मांडीवर घेऊन पायऱ्यांवर आडव्या बसलेल्या. कुणाला वर सोडत नव्हत्या.

"काच तुटली आहे," त्या मला म्हणाल्या. "खालच्या गाड्या काढायला सांग."

गुप्ताजी हात जोडून उभे. "आंटीजी, काँच ही तो है. नई लगवा देंगे."

"नहीं गुप्ताजी. मेरे पति ने लगाई थी, मुझे मालूम है क्यों लगाई थी."

ज्या बाईने देऊळ उभं केलं तिलाच हटवणार कोण? भंडारा रस्त्यापलीकडच्या मैदानात झाला. दुपारी इंजिनियर आला, तळघरातून वर बघितलं आणि पहिल्यांदा सगळ्यांना बाहेर काढलं. रोजच्या अभिषेकाचं पाणी झिरपून सळया गंजल्या होत्या, स्लॅब खाली झुकला होता. लोखंडी टेकू लागले. आता देऊळ गेटजवळ आहे, मातीवर.

नवीन देवळाला भेग नाही. तरी काकूंनी मला काचेची पट्टी आणायला लावली. मागच्या भिंतीवर ती बसवताना मी विचारलं, "काकू, इतक्या गर्दीत, इतक्या घाईत तुम्हालाच कशी दिसली हो तुटलेली?"

त्यांनी काचेच्या बाजूला, भिंतीवर, कुंकवाचं बोट टेकवलं.

"हे गेल्यापासून प्रदक्षिणेत माझं देवाकडे लक्षच नसायचं गं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हातची तेवढीच एक वस्तू होती तिथे. तीच बघायला जायचे."