पाटल्या काही निघाल्या नाहीत

मैत्रिणींनो, आठवतं का, शाळेच्या फाटकावर सिस्टर आपल्या काचेच्या बांगड्या उतरवून घ्यायच्या? माझ्या हातातून त्या सरसर निघायच्या. आज गेवराईच्या सराफाकडे मला माझं ते मनगट फार आठवलं.

झालं असं, यांचे आयटीचे शेअर कोसळलेत. तरी यांना स्वस्तात आणखी घ्यायचेत, आणि त्यासाठी माझ्या आईच्या पाटल्या मोडायच्या. मी हो म्हटलं खरं, पण पाटल्या हातातच घालून दुकानात गेले. वडवणीहून आलेल्या नणंदबाई मात्र दुकानातच सुरू झाल्या.

"दादा, पडलेले शेअर कावून घ्यायलास? पडकं घर घेतंय का कुणी?"

"अगं, पडल्यावरच घ्यायचं असतंय! सोनं नुस्तं हातात बसून राहतंय."

आणि बसूनच राहिलं! तेल झालं, साबण झाला, पाटल्या हलेनात. "कापाव्या लागतील," म्हणत सराफाने कातर काढली. हे माझ्या लाल झालेल्या मनगटाकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तिला लागंल."

"बघ दादा," नणंदबाई म्हणाल्या, "तुझे शेअर कुणी हात न लावता पडतेत. हे सोनं ओढून बी हलंना!" सराफसुद्धा हसला.

तर तुमच्या साक्षीने लिहून ठेवते. माझ्यामागे उजवी पाटली लेकीला, डावी सुनेला. पैठणी नणंदबाईंना, वकिलीची फी म्हणून. शेअर ज्यांचे त्यांनाच. आणि मनगट बारीक करायचे उपाय मला कुणीही पाठवू नका.