अंगावर ओरखडाही नव्हता

सटवा मुळूक मूळचा आष्टीकडचा. आईबाप दर हंगामाला ऊसतोडीला जायचे, तेव्हा तो आजोळी राहायचा आणि मामाच्या विहिरीत दिवस दिवस पडून असायचा. त्या पोहण्यानेच पुढे त्याला नोकरी दिली. महामार्गालगतच्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात माणसं ठेकेदारामार्फत घेतली जात. ठेकेदार आप्पाराव यांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, पाण्यात उतरशील का? सटवा हो म्हणाला आणि नऊ वर्षं उतरत राहिला.

कापसाच्या गंजीला लागलेली आग असो, ट्रकखाली सापडलेला माणूस असो, नाहीतर तळ्यात बुडालेलं कुणी असो, बंब निघाला की पुढच्या सीटवर सटवा असायचा आणि गाडी चालवायला मुस्तकीम. मुस्तकीम गावातल्या एका जुन्या मिस्त्रीचा मुलगा. मितभाषी, पण हाताला पक्का. सटवा विहिरीत उतरला की वरचा दोर मुस्तकीमच्याच हातात. दुसऱ्या कुणाच्या हातात दोर असेल तर सटवा उतरत नसे, हे केंद्रातल्या सगळ्यांना माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, दुपारी अडीचच्या सुमाराला, लग्नाहून परतणारी एक जीप माजलगाव रस्त्यालगतच्या विहिरीत गेली. विहिरीला कठडा नव्हता. बंब पोचला तोवर गावकऱ्यांनी दोघांना दोरानं वर घेतलं होतं. जीप बुडाली होती आणि पाण्यावर पायताणं, आहेराच्या पिशव्या तरंगत होत्या. सटवा उतरला. आधी एक तरुण मुलगा, मग एक बाई, अशा दोन खेपा झाल्या. तिसऱ्यांदा उतरला तेव्हा पाण्याच्या वर दोघीच राहिल्या होत्या. एका कपारीला धरून असलेली म्हातारी आणि समोरच्या बाजूला विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाला मिठी मारून बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी. दोर एकच होता आणि एका वेळी एकालाच वर घेऊन जाता येत होतं. सटवा म्हातारीला घेऊन वर आला. परत उतरला तेव्हा पाइप मधल्या जोडातून निसटला होता आणि मुलगी नव्हती. तो सहा वेळा बुड्या मारून खाली गेला. सातव्यांदा ती हाताला लागली.

नोंदवहीत त्या दिवशी पाच जण वाचले, तिघे दगावले असं लिहिलं गेलं. सटवाच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

पंधरा दिवसांनी तालुक्यात सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. नाव पुकारल्यावर सटवा मंचावर गेला. नारळ हातात दिला आणि त्याची बोटं मिटली ती उघडेचनात. भाषणं संपली, लोक पांगले, तरी तो नारळ तसाच घट्ट धरून खुर्चीवर बसून होता. बायको तेजश्री शेजारी येऊन बसली, तिनं एकेक बोट सोडवलं. रिक्षात त्यानं तिला सांगितलं की मंचावर कोण काय बोललं, त्यातला एक शब्दही त्याच्या कानात शिरला नव्हता.

मग एकेक सुरू झालं. जेवताना मधेच घास हातात धरून थांबायचा. घरातल्या नळाला पाणी आलं की उठून अंगणात जायचा. स्वतःची मुलगी पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिली म्हणून त्यानं तिला असं हिसडून ओढलं की तिचा खांदा दुखावला. त्यानंतर तो मुलीजवळ जायलाच घाबरू लागला. तेजश्रीनं विचारलं की म्हणायचा, उन्हाचा त्रास हाय, जाईल.

ऑगस्टमध्ये धरणाच्या बाजूला एक माणूस बुडाल्याचा निरोप आला. बंब पाण्याच्या कडेला थांबला. सगळे उतरले, सटवा उतरला नाही. मुस्तकीमनं दार उघडलं तर तो सीटखाली, पाय ठेवायच्या जागेत, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. दात वाजत होते आणि अंग घामानं भिजलं होतं. पर्यवेक्षकानं ते पाहिलं आणि केंद्रावर परतल्यावर एक कागद तयार केला. सटवा मुळूक कामावर दारूच्या नशेत आढळला. साक्षीदार म्हणून त्याखाली मुस्तकीमनं सही केली. दुसऱ्या दिवशी आप्पारावांनी सटवाला बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नको.

सटवा जन्मात दारू प्यालेला नव्हता. पण त्याला नोकरीपेक्षा त्या सहीचं जास्त लागलं. त्या दिवसापासून मुस्तकीमचं नाव घरात निघालं नाही.

तेजश्रीनं त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे तीनदा फाटकातून परत आणलं आणि चौथ्यांदा आत नेलं. गावात लोक काय म्हणतील याचीच त्याला धास्ती होती. त्या डॉक्टर बाईंनी दोन महिने ऐकून घेतलं, औषधं दिली आणि एक दिवस तेजश्रीला बाजूला घेऊन सांगितलं की हे कामावर झालेल्या आघातानं आलेलं दुखणं आहे, आणि हा माणूस पुन्हा ते काम करू शकेल असं वाटत नाही. हे सगळं त्या लिहूनही देतील.

तो कागद घेऊन तेजश्री बीडला जोया वकिलांकडे गेली. जोया सय्यद तरुण होत्या आणि कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे चालवायच्या. बोटं तुटलेली, पाय गेलेला, यंत्रात हात सापडलेला, असे पक्षकार त्यांच्याकडे रोज येत. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि काही न लपवता सांगितलं, की कामावर अपघात झाला, इजा झाली आणि कमवायची ताकद गेली की कायदा भरपाई देतो. पण त्यातल्या यादीत हात, पाय, डोळे, बोटांची पेरं आहेत. मनाचं नाव नाही. डॉक्टरांच्या साक्षीवर भांडता येईल, पण समोरचा वकील पहिल्यांदा दारूचा कागद पुढे करणार. तो कागद खोटा ठरला नाही तर दावा तिथंच संपला.

"आणि तो खोटा ठरवू शकेल असा एकच माणूस आहे," त्या म्हणाल्या.

तेजश्री मुस्तकीमच्या घरी एकटीच गेली. सटवाला सांगितलं नाही. मुस्तकीमची आई हजराबी दारात बसली होती, तिनं आत बोलावलं, चहा केला. मुस्तकीम तेजश्रीकडे न बघता ऐकत राहिला. शेवटी म्हणाला की आपल्याला अजून तिथंच नोकरी करायचीय. तेजश्री उठली. हजराबी तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. जोया वकिलांनी मग त्याच्या नावानं साक्षीचं समन्स काढून घेतलं. तो येईल की नाही आणि आला तर काय सांगेल, हे कुणालाच माहीत नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी सटवा सकाळी सहापासून तयार होऊन बसला होता. बसमध्ये त्यानं तेजश्रीचा हात धरला तो बीड येईपर्यंत सोडला नाही. न्यायालयात आप्पाराव पुढच्या बाकावर होते. आधी डॉक्टरांची साक्ष झाली. मग सटवा उभा राहिला आणि ठेकेदाराच्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली.

ते वयस्क होते, आवाज चढवत नव्हते. त्यामुळेच त्यांचे प्रश्न जास्त टोचत होते. त्या दिवशी तुम्हाला कुठं लागलं का? नाही. हाड मोडलं? नाही. दवाखान्यात दाखल झालात? नाही. त्याआधी नऊ वर्षांत किती प्रेतं काढलीत? मोजली नाहीत. म्हणजे प्रेत बघणं हेच तुमचं काम होतं, त्याला अपघात कसा म्हणायचा? त्या विहिरीवर दीडशे माणसं होती, त्यांनीही बघितलं. ती सगळी आजारी पडली का?

सटवानं लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्याला विचारलं की विहिरीत नेमकं काय झालं ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही, सांगू शकाल का?

तेजश्रीला वाटलं, आता हा खाली बसणार, बंबातल्यासारखा. जोया वकील अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या.

"पोरगी रडत नव्हती," सटवा म्हणाला. "मी म्हातारीला धरलं तवा ती मला म्हणली, काका, मी धरून बसू का? मी म्हणलं, बस. अजिबात हलू नको. मी आलोच. ती म्हणली, बरं. ती हलली न्हाई, साहेब. पाइप निसटला. तिला मी हलू नको म्हणलतो. हल म्हणलो असतो तर कपारीला तरी आली असती."

एवढंच बोलला. तेजश्रीनं हे पहिल्यांदाच ऐकलं. दोन वर्षं एका घरात राहून त्यानं तिला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. ठेकेदाराच्या वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यांनी दारूचा कागद पुढे ठेवला आणि बसले.

दुपारनंतर मुस्तकीमच्या नावाचा पुकारा झाला. दोनदा पुकारून कुणी आलं नाही. तिसऱ्यांदा तो दारातून आत आला. सकाळपासून तो बाहेर लिंबाखाली उभा होता, हे नंतर कळलं. आप्पारावांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. जोया वकिलांनी सही दाखवली. ती आपलीच, असं तो म्हणाला. सटवा दारू प्याला होता का?

"न्हाई. कागद आधीच लिहिलेला व्हता. सही कर न्हाईतर तूबी उद्यापासून येऊ नको, असं सांगितलं. मी केली."

एवढ्यावर त्याची साक्ष संपली असती. पण तो खाली उतरला नाही. न्यायाधीशांनी विचारलं, अजून काही सांगायचंय का? मुस्तकीम सटवाकडे न बघता बोलला.

"म्हातारीला आधी घे, असं वरून मी वरडलतो. दोर माझ्या हातात व्हता. मला वरून दोघी दिसत व्हत्या. ह्याला वाटत असंल ह्यानं ठरवलं. ह्यानं न्हाई ठरवलं."

सटवानं मान वर केली. त्याला तो आवाज आठवत नव्हता. त्या विहिरीतला एकेक थेंब त्याला आठवत होता, पण वरून कुणी ओरडल्याचं नाही.

बाहेर लिंबाखाली त्यानं मुस्तकीमला गाठलं आणि विचारलं, हे खरं हाय, का माझ्यासाठी बोललास?

"तुला ऐकू आलं का न्हाई ते मला ठाऊक न्हाई बे," मुस्तकीम म्हणाला. "पण मी बोललतो. रोज सकाळी मला आठवतं." मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि सटवानं त्याला जवळ ओढून घेतलं. दोघं तसेच उभे राहिले. येणारेजाणारे पक्षकार त्यांना वळसा घालून जात होते.

निकाल चार महिन्यांनी लागला. विहिरीत घडलं तो कामावरचा अपघातच होता, आणि डॉक्टरांनी दाखवलेलं मनाचं दुखणं ही त्यातून झालेली इजाच आहे, असं त्यात लिहिलं होतं. कमवायची ताकद निम्मी गेली, हे डॉक्टरांचं म्हणणं मान्य झालं. आप्पारावांनी रक्कम न्यायालयात भरली आणि वर अपील केलं. ते अपील अजून चालू आहे.

साक्षीनंतरच्या महिन्यात केंद्रातल्या कामगारांच्या यादीत मुस्तकीमचं नाव नव्हतं. आता तो मेव्हण्याबरोबर टायरचं दुकान चालवतो आणि महिन्यातून एकदा सटवासोबत त्याच डॉक्टर बाईंकडे जातो. दोघं एका बसनं जातात. सटवा माजलगावच्या बाजारात धान्याच्या वजनकाट्यावर बसतो. विहिरीजवळ अजूनही जात नाही. मुलीला शाळेत मात्र तोच सोडतो.

मागच्या आठवड्यात गेवराईकडचा एक रुग्णवाहिकेचा चालक पत्ता विचारत त्याच्या घरी आला. अंगद नाव. वय तिशीचं. त्याला निकालाची झेरॉक्स हवी होती, कुणा मित्रासाठी, म्हणाला. तेजश्री कागद काढायला आत गेली. सटवानं त्याच्याकडे नीट पाहिलं. पाणी दिलं होतं, ते तो प्यायला नव्हता.

"झोप लागती का?" सटवानं विचारलं.

अंगदनं मान खाली घातली. सटवानं स्वतःची खुर्ची त्याच्या जवळ सरकवली आणि त्या दिवशी तो बाजारात गेला नाही.